टिशूची टेन्साइल टेस्ट करताय? या चुका टाळा

पुण्यात बायोमेडिकल आणि मेकॅनिकलची बरीच पोरं हल्ली शेवटच्या वर्षाला टेंडन (मसल हाडाला जोडणारी दोरी), स्किन, आर्टरी असलं काहीतरी टिशू मशीनवर ताणून बघायचा, म्हणजेच टेन्साइल टेस्टचा, प्रोजेक्ट घेतात, आणि मला याचा मनापासून आनंद होतो. पण ग्राफ वेडावाकडा आला की लगेच "बायोलॉजिकल व्हेरिएशन आहे सर" म्हणून मोकळे होतात. व्हेरिएशन असतंच हो, पण त्याच्यावर खापर फोडायच्या आधी ग्रिप, पाणी आणि मोजमाप या तीन गोष्टी तपासा, निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच सापडतो.

सॅम्पलपासूनच सुरुवात करू. शेळीचं टेंडन हवं म्हणून पोरं कॅम्पात शिवाजी मार्केटला नाहीतर घराजवळच्या मटणवाल्याकडे जातात आणि पाये घेऊन येतात. आता पाये बहुतेक वेळा केस काढायला आधीच जाळावर भाजलेले असतात. टेंडन म्हणजे मुख्यतः कोलॅजन, आणि कोलॅजन साधारण ६०-६५ डिग्रीला आकसायला लागतं, त्याची रचनाच मोडते. बाहेरून चांगलं दिसलं तरी आतपर्यंत किती उष्णता पोचली हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून "न भाजलेले द्या" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ते देतात. दुसरं म्हणजे अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटमधून मिळालेलं टिशू. ते फॉर्मॅलिनमधलं असेल तर ताकद मोजायला वापरू नका, फॉर्मॅलिन प्रोटीनमध्ये क्रॉसलिंक तयार करतं आणि टिशू कडक होतं, म्हणजे तुम्ही मोजाल तो आकडा फॉर्मॅलिनचा असेल. आणि सुरू करायच्या आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीला एक मेल टाका, खाटकाकडचं सॅम्पल असलं तरी, नंतर पेपर लिहिताना विचारतात.

साठवायचं असेल तर सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत, उणे २० ला. टेंडन एकदा गोठवून वितळवलेलं सहसा चालतं, पुन्हापुन्हा नाही. आणि आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, दुपारी फ्रीझर अर्धवट वितळतो, संध्याकाळी परत गोठतो, आणि शुक्रवारी कोणाच्या लक्षातही येत नाही की एक सायकल जास्तीची झाली. फ्रीझरमध्ये मॅक्झिमम टेंपरेचर लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर ठेवा. मसलचं मात्र वेगळं आहे, त्याला गोठवणं जास्त बाधतं, आणि आकुंचन पावायची ताकद मोजायची असेल तर ताजंच, जिवंत टिशू लागतं, तिथे फ्रीझरचा विचारच सोडा.

पाण्याचं बघा. एप्रिल-मे मधली पुण्याची कोरडी हवा आणि वर पंखा, पाच-दहा मिनिटांत पातळ सॅम्पलचा पृष्ठभाग सुकायला लागतो आणि सुकलेलं टिशू कडक होतं, म्हणजे सकाळचं पहिलं सॅम्पल आणि दुपारचं शेवटचं यात जो फरक दिसतो तो कदाचित वेळेचाच असतो. यावर उपाय म्हणून नळाचं पाणी मारू नका, डिस्टिल्ड तर नाहीच, टिशू फुगतं. ०.९ टक्के सलाइन किंवा पीबीएस (फॉस्फेट बफर घातलेलं सलाइन) वापरा, टेस्ट चालू असतानाही थेंब-थेंब सोडत राहा किंवा बाथ लावा. आणि हो, तासन्‌तास बुडवून ठेवणंही चुकीचं, पीबीएसमध्येसुद्धा टेंडन पाणी पिऊन जाड होतं. सगळ्या सॅम्पलना सारखाच वेळ द्या आणि तो वहीत लिहा.

आता ग्रिप. टेंडन ओलं, गुळगुळीत आणि ताणलं की बारीक होणारं, त्यामुळे जॉमधून, म्हणजे ग्रिपच्या जबड्यांमधून, सटकणारच. ग्राफवर करवतीसारखे छोटे दाते दिसले, फोर्स जरा पडून परत चढला, तर आधी स्लिप समजा, "फायबर तुटतायत" असा निष्कर्ष लगेच काढू नका. ओळखायची सोपी पद्धत आहे, जॉच्या कडेला टिशूवर मार्करने रेघ मारा, टेस्टनंतर रेघ बाहेर आली असेल तर सटकलं. जॉला सँडपेपर लावा, टोकं फेविक्विकने चिकटवा, जास्त लोडला टोकं ड्राय आइसने गोठवून धरणारे क्लँप लागतात. जॉच्या अगदी कडेलाच तुटलं तर ती स्ट्रेंग्थ खरी धरू नका, ते सॅम्पल वेगळं नोंदवा.

याच्यातूनच पुढची चूक येते, क्रॉसहेड (मशीनचा सरकणारा दांडा) किती सरकला यावरून स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या किती टक्के ताणलं गेलं ते, काढणं. समजा २० मिमीचं सॅम्पल आहे, खरं ताणलं गेलं १ मिमी म्हणजे ५ टक्के, आणि जॉमध्ये अर्धा मिमी सटकलं, तर मशीन ७.५ टक्के सांगणार आणि तुमचा मॉड्युलस (स्ट्रेस भागिले स्ट्रेन, म्हणजे टिशूचा कडकपणा) दोन तृतीयांशावर येणार! टेंडनवर शाईचे दोन ठिपके द्या, मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ काढा आणि इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यांमधलं अंतर मोजा, फुकट काम होतं.

एरियाचंही, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाचंही, तसंच. कॅलिपर मऊ टिशूला दाबतो, आणि खऱ्या ३.३ मिमी व्यासाऐवजी ३ मोजलात तर एरिया ८.५५ ऐवजी ७.०७ चौरस मिमी होतो, स्ट्रेस (फोर्स भागिले एरिया) सरळ २१ टक्क्यांनी फुगला. दोन बाजूंनी फोटो काढून मोजा, किंवा वजन, लांबी आणि घनता यावरून सरासरी एरिया काढून ताडून बघा.

लोडसेलबद्दल, म्हणजे फोर्स मोजणाऱ्या सेन्सरबद्दल, एकच सांगतो, सिव्हिलच्या लॅबमधल्या ५० किलोन्यूटनच्या यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) स्किनची पट्टी ताणू नका, ५० न्यूटन म्हणजे त्या सेलच्या रेंजचा हजारावा भाग, तिथे तुम्ही नॉइज मोजताय.

ग्राफचा सुरुवातीचा सपाट भाग, ज्याला टो रीजन म्हणतात, तो एरर म्हणून कापू नका. कोलॅजनचे फायबर आधी कुरळे असतात, ते सरळ होईपर्यंत फोर्स फारसा वाढत नाही. मॉड्युलस त्याच्या पुढच्या सरळ भागातून काढा, आणि शून्य कुठे धरलं, प्रीलोड (टेस्टच्या आधी दिलेला थोडासा ताण) किती होता, हे लिहाच. पहिला पुल आणि दहावा पुल यांचे ग्राफही वेगळे येतात, म्हणून प्रीकंडिशनिंग करा, वक्र एकमेकांवर बसेपर्यंत कमी स्ट्रेनच्या सायकल द्या. बायोमेकॅनिक्सचा पाया घालणारे युआन-चेंग फंग यांनी यावर खूप भर दिला होता. स्पीडही मिमी प्रति मिनिट असा सगळ्यांना एकच ठेवू नका, १२ मिमी प्रति मिनिट म्हणजे २० मिमीच्या सॅम्पलला सेकंदाला १ टक्का, पण ३० मिमीच्या सॅम्पलला ०.६७ टक्के, आणि टिशू व्हिस्कोइलास्टिक असल्याने, म्हणजे किती वेगाने ताणलं यावर त्याचा प्रतिसाद अवलंबून असल्याने, उत्तर बदलू शकतं. स्किन घेतलीत तर पट्टीची दिशा लिहा, कार्ल लँगर यांनी १८६१ मध्येच दाखवलंय की त्वचेचा ताण सगळ्या दिशांना सारखा नसतो. आर्टरीची रिंग उभी कापली की ती उघडते, म्हणजे बिनलोडच्या रिंगमध्येसुद्धा आत ताण शिल्लक असतोच.

शेवटचं म्हणजे एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या. तीन शेळ्यांचे प्रत्येकी दहा तुकडे म्हणजे एन ३० नाही, ३. एका शेळीच्या दहा तुकड्यांची सरासरी काढून तो एक आकडा धरा, किंवा स्टॅट्सच्या मॅडमना मिक्स्ड मॉडेल (एकाच शेळीचे तुकडे एकमेकांशी जोडलेले आहेत हे धरणारी पद्धत) कसं लावायचं ते विचारा, आणि हे विचारायला तुकडे कापायच्या आधी जा.