विक्रीच्या फोटोतून घराचं लोकेशन जात होतं, ते असं थांबवलं

लक्षण: जुन्या वस्तूचे फोटो ईमेलने पाठवले की समोरच्याला तपशिलात थेट घराचे अक्षांश-रेखांश दिसायचे. मोबाइल लोकेशन चालू असताना ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच, एक्झिफ या भागात लिहितो.

कॅमेऱ्यातलं 'लोकेशन टॅग' बंद केलं, पण ते फक्त नव्या फोटोंना लागू. फाइलचं नाव बदललं, फोटो क्रॉप केला, तरी नोंद तशीच. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर नोंद पुसली जाते, पण फोटोही बारीक होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं पोचतं. वैताग नुसता!

शेवटी विंडोजमध्येच काम झालं. फोटो कॉम्प्युटरवर घ्या, सगळे एकत्र निवडून ऑल्ट+एंटर दाबा. 'डिटेल्स' टॅब उघडा. अगदी तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' अशी बारीक लिंक आहे, ती सहज नजरेतून सुटते. तिथे 'क्रिएट अ कॉपी' हा पर्याय ठेवून ओके. त्याच फोल्डरमध्ये नवी प्रत बनते. तीच पाठवायची, मूळ फाइल नाही (इथेच घोळ होतो).

पाठवण्याआधी नव्या प्रतीचं 'डिटेल्स' पुन्हा उघडा. जीपीएस हा गट दिसता कामा नये. दिशेची नोंदही पुसली जात असल्याने उभा फोटो कधी आडवा होतो; फिरवून सेव्ह करा.

आयफोनवर हे सोपं आहे: शेअर दाबल्यावर वर 'ऑप्शन्स', त्यात 'लोकेशन' बंद. मात्र दर वेळी तपासा.