विग पहिल्यांदाच घालताय? घरच्या आरशासमोर असा बसवा

विग ओळखू येतो तो बहुतेक वेळा केसांमुळे नाही, कपाळावर बोटभर खाली उतरलेल्या कडेमुळे. सुटेल या धास्तीने नवखा माणूस तो टोपीसारखा खाली ओढतो आणि तिथेच घोळ होतो. महागातला विगही चुकीच्या जागी टेकला तर नाटकातल्या टोपासारखाच दिसतो.

इथे आपण बायकांच्या रोजच्या वापराच्या, मागे पट्ट्या असलेल्या तयार विगबद्दल बोलतोय. फक्त शेपटा बारीक झाला असेल तर पूर्ण विगची गरजच नाही, जुनं गंगावन अजूनही उत्तम काम करतं. केस सगळीकडून विरळ झाले असतील किंवा केमोथेरपीत गळले असतील, तर मात्र पुढे वाचा.

आधी माप. शिंप्याची टेप पुढच्या केसांच्या रेषेपासून कानामागून मानेच्या खळग्यापर्यंत आणि दुसऱ्या कानामागून परत पुढे आणा. मध्यम मापाचा विग साधारण 21.5 ते 22.5 इंचांच्या डोक्याला बसतो. केमोथेरपी सुरू होणार असेल तर खरेदी आधीच उरका. बऱ्याच औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, आणि रंग जुळवायला आपले केस समोर असलेले बरे. केस गेल्यावर तोच विग थोडा सैल होतो. पट्ट्या त्यासाठीच असतात.

पहिलाच विग असेल तर कपाळावर झुलपं येणारा घ्या. पुढची कड आपोआप झाकली जाते. सिंथेटिक की खऱ्या केसांचा? खरे केस छान दिसतात (तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो तो अशाच मालासाठी), पण ते महाग आणि धुतल्यावर दरवेळी नव्याने सेट करावे लागतात. सिंथेटिक धुऊन झटकला की बऱ्यापैकी मूळच्या वळणावर येतो. शिकायला तोच बरा.

आतले केस सपाट करा

अंबाडा घालून वर विग चढवायचा नाही, मागे टेंगूळ दिसतं. लांब केसांच्या दोन बारीक वेण्या घाला, मागे एकमेकींवरून आडव्या नेऊन डोक्याला चिकटतील अशा पिनांनी बसवा. केस आखूड असतील तर मागे विंचरले की झालं. तेल नको, विग घसरतो. केस ओलेही नकोत, आत घाम आणि ओल कोंडून वास येतो, खाज सुटते.

त्यावर त्वचेच्या रंगाची नायलॉनची विग कॅप. डोक्यावर केस नसतील तर नायलॉन टोचतं, तेव्हा मऊ सुती टोपी घाला किंवा मखमली पट्टा लावा. विगला आतून शिवलेल्या छोट्या कंगवा-क्लिपा असतील तर त्या उसवून टाका. धरायला केस नसताना त्या फक्त टाळूला ओरखडे काढतात.

आता विग चढवा

विग उलटा धरून झटका, केस मोकळे होतील. आत मानेकडच्या बाजूला दोन पट्ट्या दिसतील, हुकाच्या किंवा वेल्क्रोच्या. दोन्ही सारख्याच घरावर लावा. पुढची कड कपाळावर जरा खाली टेकवा, एका हाताने ती दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग मानेपर्यंत ओढून घ्या. मग कानांजवळचे दोन छोटे त्रिकोणी तुकडे पकडून सगळा विग हळूहळू मागे सरकवा. किती? भुवया उंचावा. कपाळावर सर्वांत वरची आठी पडते, तिच्या थोडं वर थांबा. आठ्या कळत नसतील तर भुवईपासून आपलीच चार बोटं मोजा.

ते त्रिकोणी तुकडे दोन्ही कानांच्या पुढे, सारख्या अंतरावर हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला की भांग तिरपा होतो, आणि मग माणूस भांग सुधारत बसतो, तुकडे तसेच राहतात.

आता मान जोरात हलवा आणि वाकून नमस्कार करून बघा. समारंभात ते करावंच लागणार आहे. कडेखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. कानशिलं ठणकू लागली तर पट्टी एक घर सैल करा.

पुढे जाळी असेल तर विग नीट बसल्यावरच ती कापा. नखांच्या कात्रीने, एका सरळ रेषेत नाही तर बारीक नागमोडी, आणि केसांपुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून. गोंदाच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. वापरायचाच असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 तास बघा. केमोथेरपी चालू असताना गोंद आणि टेप दोन्ही नको.

घरात आणि रस्त्यावर

सिंथेटिक विगचा खरा शत्रू स्वयंपाकघर. कुकरचं झाकण उघडताना तोंडावर येणारी वाफ पुढच्या बटा क्षणात कुरळ्या आणि राठ करते, आणि त्या परत सरळ होत नाहीत. ओट्यापाशी जाताना विग काढा, डोक्याला रुमाल बांधा. हेल्मेटचं म्हणाल तर ते काढताना विगही सोबत येतो. स्कूटरवर सुती स्कार्फ बांधून त्यावर हेल्मेट घाला, विग पिशवीतून न्या आणि पोहोचल्यावर घाला. गजरा माळायचा तर हलका, आणि पिन विगमधून खालच्या वेणीत गेली पाहिजे, नाहीतर मागचा भाग खाली ओढला जातो.

काढताना आधी पट्ट्या सैल करा, मग मानेकडून उचलून पुढे घ्या. झोपताना घालू नका. रोज वापर असेल तर आठ-दहा वेळा घातल्यावर गार पाण्यात सौम्य शाम्पू घालून बुचकळा, चोळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि उपड्या स्टीलच्या डब्यावर कापड टाकून त्यावर सावलीत वाळवा. पूर्ण वाळेपर्यंत कंगवा लावायचा नाही.