स्वातंत्र्यावर कविता लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पिंजरा, पक्षी, साखळी, मशाल, उगवता सूर्य सगळं एकाच कवितेत कोंबणं. पहिल्या ओळीत पक्षी, दुसरीत नदी, तिसरीत मशाल आली की वाचणाऱ्याला धड एकही दिसत नाही. एकच प्रतिमा धरा आणि शेवटपर्यंत तिच्याच मागे जा.

समजा असं लिहिलंय:

पिंजरा तुटला, पक्षी सुटला,
स्वातंत्र्याचा सूर्य उगवला

यात बघण्यासारखं काय आहे? नुसती घोषणा. आता हे बघा:

दार उघडलं, खोली मागे राहिली,
पायांना सवय चारच पावलांची,
पाचव्याला अंगठा अडखळला

स्वातंत्र्य हा शब्द कुठेच नाही, तरी खोली केवढी होती आणि माणूस किती काळ आत होता ते कळतंच ना.

नादाचा घोळ याहून मोठा. लोकांना वाटतं अनुप्रास म्हणजे एका अक्षराचे शब्द रांगेत उभे करायचे, 'स्वैर स्वच्छंद सोनेरी सुंदर स्वप्न', झालं काम! अर्थ मात्र शून्य. त्यापेक्षा गच्च, घट्ट, काळाकुट्ट हे जरा मोठ्याने म्हणून बघा, जोडाक्षरावर श्वास अडतो, म्हणजे कैदेच्या ओळींना हे शब्द एकदम फिट. आणि 'वारा वाहत राहावा' म्हणताना आ लांबतो, व-ह-र कुठे अडवत नाहीत. मग कवितेत दार उघडतं तिथेच नादही बदलायला हवा, पण बहुतेकांचं आत पण तेच ठणठण आणि बाहेर पण तेच. जुन्या काव्यशास्त्रात ट-ठ-ड-ढ आणि जोडाक्षरं ओज गुणाची, म्हणजे जोश-आवेश आणणारी मानलीत म्हणून स्वातंत्र्य म्हटलं की सगळे धडाधड ओज लावत सुटतात. लढ्याच्या ओळींना लावा की, सुटकेनंतरच्या ओळीला कशाला?

यमकाचं थोडक्यात: 'आकाशात, मनात, जगात' यात फक्त प्रत्यय जुळलाय, ते कच्चं यमक. 'तुटले, सुटले, फुटले' जुळतं खरं पण वाचणारा तुमच्या आधीच तिथे पोचलेला असतो.

आणि मुक्तछंद घेतला म्हणजे लय सोडली असं नाही हां. मोठ्याने वाचताना जीभ अडखळली तर आधी जोडाक्षरांची गर्दी झालीय का बघा, नाहीतर ओळ भलत्याच जागी तोडलेली असते, ती एक शब्द पुढे-मागे करून परत वाचा. कैदेच्या कडव्यात मुद्दाम अडखळवलं असेल तर मात्र तसंच राहू द्या.