पिकअपच्या बॅटरीवर ग्राइंडर: इन्व्हर्टर बसवताना खरं काम केबलचं

इंदूरच्या बायपासपलीकडे नव्या कॉलन्यांमध्ये रेलिंग, शटर, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्यांना एक गोष्ट पाठ असते: भिंती उभ्या झालेल्या असतात, मीटर आलेला नसतो. शेजारच्या प्लॉटवरून वायर ओढावी तर तिथला चौकीदार तोंड वाकडं करतो, आणि चार भोकं पाडायला जनरेटरचं भाडं परवडत नाही. अशा कामाला पिकअपमधला इन्व्हर्टर उत्तम. पण व्हिडिओ बघून बसवलेले बरेच इन्व्हर्टर पहिल्याच ग्राइंडरला टीं-टीं करून बंद पडतात. मग माणूस आधी बॅटरी बदलतो, नंतर इन्व्हर्टर बदलतो, आणि दोष असतो मधल्या दोन केबलींत.

इन्व्हर्टर घेताना

गाडी १२ व्होल्टची की २४ ची, हे आधी बघा. बोलेरो पिकअप, टाटा एस या गाड्या १२ व्होल्टच्या. मोठ्या ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ केलेले असतात. "त्यातल्या एकीवरून १२ काढून घे ना भिया" असं सांगणारे उस्ताद पैशाला पासरी मिळतील. ऐकू नका. एक बॅटरी रिकामी होत जाते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि थोड्या दिवसांत दोन्ही जातात. २४ च्या गाडीला २४ चाच इन्व्हर्टर.

वॅट हत्याराच्या प्लेटवरून घ्या. चार इंची ग्राइंडर साधारण ७०० ते ८५० वॅटचा असतो, पण बटण दाबताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. त्यामुळे एका ग्राइंडरला सलग १५०० वॅट देणारा इन्व्हर्टर धरा. सलग हा शब्द महत्त्वाचा, कारण डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा पुष्कळदा क्षणिक ताकदीचा असतो. खरा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतो.

साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, शुद्धच हवी. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या डब्यावर साधा ग्राइंडर फिरतो, हे खरं. पण स्पीड कमी-जास्त करायचं चाक असलेलं ड्रिल त्यावर झटके खातं आणि कॉर्डलेसचे काही चार्जर तापून जातात. तिथे वाचलेले पैसे एका चार्जरमध्ये निघून जातात.

डबा केबिनमध्ये सीटच्या मागे बसवा, पंख्याला चारी बाजूंनी हवा ठेवा. बॉनेटखाली नको, आणि मागे हौद्यात ग्राइंडरचा लोखंडी भुसा उडतो तिथे तर मुळीच नको. तो भुसा पंख्याने आत ओढला की बोर्डावर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

केबल

या टप्प्याने मलाही पुष्कळ छळलं आहे, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

हिशेब साधा आहे. ८५० वॅटचा ग्राइंडर चालवायला, इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून, बॅटरीतून साधारण १००० वॅट निघतात. भागिले १२, म्हणजे ८३ अँपिअर. घरी हाच ग्राइंडर चार अँपिअरवर चालतो. बटण दाबतानाचा धक्का धरला तर आकडा २०० च्या आसपास जातो. आणि डब्यासोबत येणारी केबल बघा: बोटाएवढी जाड दिसते, पण सगळी जाडी प्लास्टिकची, आत तांबं कसंबसं सहा किंवा दहा चौरस मिलिमीटर. लग्नाच्या पंगतीला चहाच्या चमच्याने वरण वाढायला घेतल्यासारखी गत होते.

बॅटरीपासून सीटमागे तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. दहाच्या तांब्यावर २०० अँपिअरला दोन व्होल्टच्या वर वाटेतच जिरतात. बॅटरी ताणाखाली साडेअकराला उतरलेली असते, म्हणजे इन्व्हर्टरपर्यंत साडेनऊसुद्धा पोहोचत नाहीत. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास ओरडू लागतात आणि दहाच्या आसपास बंद होतात. बॅटरी ठणठणीत, इन्व्हर्टर ठणठणीत, तरी ग्राइंडर बंद. तीच केबल ३५ ची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्या थोडी वर राहते. मी १५०० वॅटच्या डब्याला ५० ची टाकतो.

ही केबल म्हणजे वेल्डिंगची केबल: बारीक तारांची, रबराच्या आवरणाची, वळणारी. सियागंजच्या बाजाराकडे गेलात तर दुकानदाराला आधी विचारा, तांबं की ॲल्युमिनियम. वेल्डिंग केबल दोन्हीत मिळते, आणि तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमचीही मिळते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की ठेवून द्या. उलट, कलई केलेलं तांबं वरून चंदेरी दिसतं पण खरवडलं की लाल निघतं, ते चांगलं. हातात धरूनही कळतं, ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याने भरतं. मीटरवर कापून घ्या आणि गरजेपेक्षा लांब घेऊ नका. लांबी हवीच असेल तर ती पुढे, २३० व्होल्टच्या बाजूला वाढवा: दीड चौरस मिलिमीटरचा वीस मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड ग्राइंडरला आरामात पुरतो.

आता लग, म्हणजे बोल्टवर कसायला केबलच्या टोकाला लावायची भोकाची टोपी. तांब्याचे नळीवाले लग, केबलच्या मापाचेच. हातोडीने ठोकून बसवलेला लग मी दुसऱ्याच्या गाडीतही चालवून घेत नाही. हायड्रॉलिक दाबयंत्र विकत घ्यायची गरज नाही. केबल विकणारा किंवा पॅनल बनवणारा कारागीर थोड्या पैशांत चारही टोकं दाबून देतो. दाबल्यावर केबल पायाखाली धरून लग दोन्ही हातांनी ओढा. केसभर जरी हलला तरी कापून नवा. "वरून सोल्डर भर, पक्का होईल" हा सल्ला घरातल्या रेडिओसाठी ठीक आहे. गाडी हादरते, सोल्डर तारांमध्ये झिरपून जिथे थांबतं तिथे केबल कडक होते आणि नेमकी तिथेच एक-एक तार तुटत जाते.

मायनसची केबलही बॅटरीपासूनच आणा. "चेसीला कुठेही बोल्ट मार" म्हणणाऱ्याने रंग, गंज आणि केबिनला चेसीशी जोडणारी ती बारीकशी पट्टी यांचा विचार केलेला नसतो. एकच अपवाद: नव्या गाडीत मायनसच्या टर्मिनलवर सेन्सरची छोटी डबी असेल तर लग बॅटरीच्या पोस्टवर (टर्मिनलच्या खुंटीवर) न लावता, गाडीची स्वतःची अर्थची जाड केबल चेसीला जिथे कसलेली असते त्या बोल्टवर लावा. नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा मिळतो.

फ्यूज प्लसवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात. ३५ च्या केबलला १५० अँपिअरचा, ५० च्या केबलला २०० चा, नट-बोल्टने कसायचा पट्टीचा फ्यूज. तो इन्व्हर्टर वाचवायला नसतो, त्याच्या आत वेगळे आहेत. बॉडीच्या धारेवर घासून केबलची साल गेली तर गाडी पेटू नये म्हणून तो असतो. म्हणूनच इन्व्हर्टरच्या शेजारी लावलेला फ्यूज निरुपयोगी. घरातला एमसीबीही नको. तो घरच्या एसी करंटची ठिणगी तोडायला बनवलेला आहे, बॅटरीच्या डीसीची नाही. पत्र्यातून केबल जिथे आत येते तिथे भोकाच्या धारेवर रबरी कडी (ग्रोमेट) लावाच.

जोडणी

हातातलं कडं, अंगठी काढा. बॅटरीचा मायनस सोडा. इन्व्हर्टर बंद ठेवून त्याच्याकडची दोन्ही टोकं कसा, इन्व्हर्टरच्या बॉडीचा अर्थ चेसीला द्या, बॅटरीचं प्लस लावा, मग मायनस. फ्यूज अजून बसवायचा नाही.

आता इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या (२४ व्होल्टच्या गाडीला २४ चा) आणि दोन वायरींनी फ्यूजच्या दोन बोल्टांमध्ये लावा. बल्ब लुकलुकून पापणी लवते न लवते तोच विझला, तर इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारे भाग) भरले. बल्ब तसाच ठेवून फ्यूज बसवा, नट आवळा, मग बल्ब काढा. बॅटरीजवळ ठिणगी उडत नाही. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर थांबा: बहुधा प्लस-मायनस उलटे झालेत किंवा कुठे शॉर्ट आहे. थेट फ्यूज लावला असता तर एव्हाना इन्व्हर्टरमधून धूर निघाला असता.

मग ग्राइंडर लोखंडावर टेकवून चालवा आणि जोडीदाराला मल्टीमीटर धरायला सांगा, आधी बॅटरीच्या पोस्टांवर, नंतर इन्व्हर्टरच्या बोल्टांवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर मीटरचं एक टोक पोस्टवर, दुसरं त्याच पोस्टवरच्या लगवर ठेवा. तिथे आकडा शून्याजवळ नसेल तर सांधा सैल किंवा मळका आहे. असा प्रत्येक सांधा तपासत गेलं की चोर सापडतोच.

चालवताना

इंजिन चालू ठेवा. सेल्फ मारायला बनवलेली बॅटरी खोलवर रिकामी करण्यासाठी नसते. ८३ अँपिअर पंधरा मिनिटं सलग ओढले की पुढचा सेल्फ भरवशाचा नाही. रिकाम्या गतीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) पूर्ण करंट देत नाही, म्हणून कापता-कापता मध्ये थांबा. अलार्म वाजला की हात उचला, डबा स्वतः बंद होण्याची वाट बघू नका. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून काम करायचं नाही, धूर जीव घेतो.

घरी निघताना इन्व्हर्टरचं बटण बंद. काहीही न चालवता तो अर्धा-एक अँपिअर खातो, आणि सोमवारी सकाळी देवास नाक्यावर गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. लायटरच्या सॉकेटमधून ग्राइंडर चालेल का, असंही विचारतात: तिथला फ्यूज १०-१५ अँपिअरचा असतो, मोबाइल चार्ज करा. इन्व्हर्टरचं आउटपुट घराच्या वायरिंगमध्ये कधीच घालू नका, मीटर आलेला नसला तरी.

ड्रिल, जिगसॉ, २६ मिमीचं हॅमर, चार इंची ग्राइंडर, एवढं या मांडणीवर रोज चालतं. मार्बल कटर थोडा थोडा वेळ. चौदा इंची चॉप सॉ २००० वॅटच्या पुढचा, आणि वेल्डिंग मशिन त्याहून हावरट. त्या दिवशी जनरेटरच भाड्याने आणा, आणि भाडं कोटेशनमध्ये आधीच लिहून टाका.