जुन्या नोकरीत कामगाराच्या अंगात काय गेलं, हे कसं शोधावं

आधी सगळ्या नोकऱ्या सालवार एका कागदावर उतरवा, उमेदवारीचे आणि रोजंदारीचे महिनेही सोडू नका. कारखान्याच्या खरेदीच्या नोंदी आणि हवेच्या नमुन्यांचे जुने अहवाल मिळत असतील तर मागवा. नमुना कामगाराच्या नाकाजवळ घेतला होता की भिंतीपाशी, तेवढं पाहा. भिंतीजवळचा आकडा बहुधा कमीच दाखवतो.

आता रक्त-लघवी तपासली की सगळं कळेल, असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. रक्तातलं शिसं संपर्क थांबल्यावर साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. बेंझिनच्या खुणा लघवीतून काही दिवसांतच नाहीशा होतात. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मात्र बहुधा 20 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. म्हणून कामगाराशी नीट बोलण्याला पर्याय नाही.

इथेच मी कितीतरी वर्षं चुकत होतो. ‘ॲस्बेस्टॉस हाताळलंत का?’ असं थेट विचारायचो. एका निवृत्त फिटरने ठाम ‘नाही’ सांगितलं आणि मी तेच लिहिलं. पुढच्या भेटीत त्याची बायको बोलता बोलता म्हणाली, ‘शटडाउनच्या दिवसांत यांचे कपडे पांढरे होऊन यायचे, बाहेर झटकूनच मी धुवायला घ्यायचे.’ बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं आवरण तो दर शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असताना, हाताने फोडून काढत होता. त्याच्या लेखी ते ‘लॅगिंग’ होतं, ॲस्बेस्टॉस हा शब्द त्याने कामावर कधी ऐकलाच नव्हता. आणि ते कपडे झटकणाऱ्या बाईंना मी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हा पदार्थाचं नाव विचारूच नका, हातांनी काय केलं ते विचारा. काय कापलं, कोरडं की पाणी मारून? धूळ झाडायचात की हवेच्या पाइपने उडवायचात? हाताचं ग्रीस कशाने काढायचात? मास्क कोणत्या कामाला काढून ठेवावा लागायचा? शेजारी कोण काय करत होतं? हा शेवटचा प्रश्न विसरलात, तर लॅगिंगवाल्यांच्या बाजूला वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन तुमच्या हातून सुटलाच म्हणून समजा. पदनामावर विसंबू नका. ‘हेल्पर’ या एका शब्दात दहा वेगवेगळी कामं दडलेली असतात. आजारी आणि धडधाकट, दोघांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. आजारी माणूस कारण शोधत असतो, त्याला जास्त आठवतं.

मग एकूण किती संपर्क आला याचा हिशेब सोपा आहे: हवेतलं प्रमाण गुणिले वर्षं. ॲस्बेस्टॉससाठी दर मिलिलिटर हवेत 2 तंतू आणि 10 वर्षं म्हणजे 20 तंतू-वर्षं. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट होण्यासाठी 1997 च्या हेलसिंकी निकषांनी (ॲस्बेस्टॉसच्या आजारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या) 25 तंतू-वर्षं धरली आहेत. शटडाउनचे पंधरा दिवस मात्र पूर्ण वर्ष म्हणून मोजू नका. एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही लिहा. ज्या वर्षांची माहिती मिळाली नाही तिथे ‘माहिती नाही’ असंच लिहा, शून्य नाही.