पोदेर येतो का, ते आधी बघा

गोव्यात घर बघायला लोक डिसेंबरात येतात. हवा छान असते, बाल्कन्यांत दिव्यांच्या माळा, गेटबाहेर गाड्यांची रांग. ‘बिल्डिंग अगदी भरलेली आहे हो,’ असं घरी फोनवर सांगतात आणि टोकन देऊन जातात. जूनमध्ये टेम्पोतून सामान उतरवलं की कळतं, चोवीस फ्लॅटांपैकी माणसं पाचांतच आहेत. बाकीचे मालक दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कुठेकुठे.

मी कोल्हापूरहून 2003 साली आले. आधी पणजीत मळा भागात भाड्याने, मग रायबंदरला, आणि गेली बारा वर्षं कदंब पठारावर. दरवर्षी ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीचा फोन येतो, ‘ताई, आम्ही गोव्याला शिफ्ट होतोय, काय काय बघायचं?’ प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगून थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, बंद घरांचं नवल करू नका. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. त्यात दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. एक म्हणजे गावातली जुनी कौलारू घरं. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. आता तीन पिढ्यांचे वारस मुंबई, लंडन, लिस्बनला पांगलेले, सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत छपरातून पिंपळ वर येतो. दुसरी जात आमच्या पठारावरची. ही घरं राहण्यासाठी घेतलेलीच नसतात. वर्षातून दहा दिवस यायचं, नाहीतर पर्यटकांना दिवसावर द्यायचं. पहिल्या जातीच्या घराशेजारी तुम्ही सुखानं राहाल, कारण त्या वाडीत बाकीची माणसं आहेत. दुसऱ्या जातीच्या चोवीस घरांत राहायचं असेल तर मात्र विचार करा.

मग परीक्षा कशी घ्यायची? सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारू नका, दलालाला तर नाहीच. सकाळी सहा-साडेसहाला त्या गेटपाशी जाऊन उभे राहा आणि पोदेर येतो का ते बघा. पोदेर म्हणजे पाववाला. सायकलला मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि हाताने दाबायचा तो पों-पों भोंगा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. पाव, उंडे, कातऱ्याचे पाव, कडक काकणं, आणि कोंड्याची पोय. (आपली पोळी वेगळी, ही पोय वेगळी. पहिल्या आठवड्यात मी पुरणपोळी समजून आनंदले होते.) पोदेर दमडीचा हिशेब जाणतो. जिथे रोज पन्नास पाव खपतात तिथे तो चढ चढून येतो, आणि जिथे सहा खपतात तिथे खालच्या वळणावरूनच सायकल फिरवतो. जनगणना दहा वर्षांनी होते, याची रोज दोनदा.

मी हे शिकले ते उशिरा. इथे राहायला आले तेव्हा महिनाभर भोंगा लांबून ऐकू यायचा, जवळ काही यायचा नाही. एका सकाळी खाली उतरून त्या पोराला गाठलं. म्हणाला, ‘बाय, थंय कोणूच रावना.’ तिथे कोणीच राहत नाही. मी त्याच्यासमोर उभी, तिथेच राहणारी. पेपरवाल्याचंही तेच, पाच घरांसाठी कोण चढ चढणार. दूध, गॅस, इस्त्रीवाला, सगळे याच हिशेबाने चालतात. म्हणून मी म्हणते, घराचा कार्पेट एरिया मागाहून मोजा.

पठाराच्या टोकावरून, बायपासच्या बाजूने, झाडांतून वर आलेले चर्चचे कळस दिसतात. ते जुने गोवे. पाहुणे आले की सगळे तिथे नेतात, बॉम जेझूस चर्चचे फोटो काढतात आणि परततात. नव्या माणसाने तिथे एकदा पावसाळ्यातल्या मंगळवारी एकट्याने जावं असं मला वाटतं. हे एकेकाळी राजधानीचं शहर होतं, 1530 पासून पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या कारभाराची गादी. गोवा पाहिला त्याला लिस्बन बघायची गरज नाही, असं तेव्हा म्हणत. लाखालाखाची वस्ती सांगतात. आज घर म्हणावं असं त्यातलं काही उभं नाही. चर्चेस आहेत, विजरईची, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयची, कमान आहे, आदिलशहाच्या वाड्याची नुसती चौकट आहे. रस्त्यांच्या जागी हिरवळ आहे आणि माडांची बनं.

शहर गेलं ते लढाईत नव्हे. साथींवर साथी आल्या, नदी गाळाने भरत गेली, व्यापार डचांनी खाल्ला. साथींमागचं पाण्याचं कारण मला जास्त पटतं, कारण ते मी रोज पायाखाली बघते. इथला दगड चिरा, जांभा. स्पंजासारखा. एवढ्या वस्तीची घाण त्यातून झिरपून विहिरींत उतरली आणि माणसं पटापट मेली. विजरई 1759 मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला. मागोमाग ज्याला जमलं तो गेला. जाताना घरांचे चिरेसुद्धा नेले, पणजीत बांधायला लागत होतेच. पाद्री आणि नन तेवढ्या राहिल्या, मग 1835 च्या सुमारास मठही बंद झाले. सेंट ऑगस्टिनचा अर्धा मनोरा उभा आहे ना, त्याची घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे, 1871 पासून.

पणजी तरी कुठे आपोआप उगवली? दलदल, वाळूच्या टेकड्या, कोळ्यांची घरं. 1827 ते 1835 या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो या विजरईने भराव घातला, सरळ रस्ते आखले. 1843 मध्ये राजधानी म्हणून शिक्का बसला. ती भरली आणि टिकली, कारण कचेऱ्यांबरोबर बाजारही आला.

न भरलेली एक राजधानीही गोव्यात आहे, आणि ती आपल्यामुळे. देवगिरीला राजधानी हलवणारा तुघलक आपल्याला शाळेपासून पाठ असतो, मुरगावची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतलं, अगदी जुन्या गोव्याच्या दाराशी. विजरई इतका घाबरला की राजदंड त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीवर नेऊन ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. मोगल फौज आल्यामुळे महाराजांना मागे फिरावं लागलं. पण धसका बसायचा तो बसला. राजधानी मुरगावच्या टोकावर, किल्ल्यात न्यायची ठरली. हुकूम निघाले, बांधकामं सुरू झाली, पैसा जिरला. लोकांनी पाय उचलला नाही. शेवटी काम सोडून द्यावं लागलं. माझी पुतणी वास्कोला घर घेणार होती तेव्हा तिला मुद्दाम तिकडे फिरवून आणलं. तिने विचारलं, ‘पण आत्या, यात माझ्या फ्लॅटचा काय संबंध?’ मी म्हटलं, तुझ्या बिल्डरच्या ब्रोशरमध्येही ‘भविष्यातलं शहर’ लिहिलंय की.

आता गळतीचं सांगते, कारण हे तुमच्यावर येणारच. इथे पाऊस शंभर-सव्वाशे इंच. आमच्या तिसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला आधी पिवळा डाग, मग थेंब, मग बादली. वरचा फ्लॅट बंद. मालक परराज्यात, त्यांचा नंबर लागेना. किल्ली बिल्डरच्या माणसाकडे होती, तो नोकरी सोडून गेलेला. एकवीस दिवस आम्ही बादल्या बदलल्या. शेवटी मालकांच्या परवानगीने कुलूप काढलं, तर आतल्या बाल्कनीच्या नळीत कबुतराचं घरटं, पाणी तुंबून हॉलमध्ये घोट्याएवढं साचलेलं. सागवानी पलंगावर हिरवी लव, भिंतीवर काळी बुरशी, आणि फ्रिजवर ‘वेलकम टू गोवा’चं मॅग्नेट. मालक रडकुंडीला आले, भले माणूस होते. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं की गोव्यातलं घर जून ते सप्टेंबर बंद ठेवलं की ते आतून कुजतं.

तेव्हा राहायला जाण्याआधी तुमच्या वर आणि बाजूला कोण आहे, आणि त्यांची किल्ली कुणाकडे आहे, हे लिहून घ्या. भाड्याने जाणार असाल तर वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळा. चामड्याच्या चपला, हार्मोनियम, रेशमी साड्या यांची जून महिन्यात दर आठवड्याला विचारपूस करा.

बाकीचं भराभर. भाडेकरार रीतसर करा आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद घरमालकाने केलीय ना ते स्वतः बघा, इथे त्यात कसूर चालत नाही. जमीन घेणार असाल तर सातबारा शोधत बसू नका, इथे एक-चौदाचा उतारा असतो, आणि त्यावर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) किंवा कुळाचं नाव दिसलं तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. वीज महावितरणची नाही, सरकारच्या वीज खात्याची. पाणी आमच्या बाजूला ओपाच्या प्रकल्पातून येतं, उन्हाळ्यात पठारावर चढताना दमतं, टँकरवाल्याचा नंबर भिंतीवर लावून ठेवा. सरकारी नोकरीची आशा असेल तर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तो मामलेदार देतो. म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे कागद जपा.

दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद. याला आळस म्हणू नका, निदान मोठ्यानं. रात्री आठनंतर बसचा भरवसा नाही, त्याआधी पणजीच्या कदंब बसस्टँडवर पोहोचा. घाई असेल तर पायलट करा, म्हणजे मोटरसायकलच्या मागे बसून. मुंबईची गाडी करमळीला थांबते, तिथलं तळं हिवाळ्यात पक्ष्यांनी भरतं, गाडी उशिरा असली तर चहाऐवजी ते बघा. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, मासे महाग आणि कमी, तेव्हा खाडीचे मासे आणि सुकं.

भाषेचं थोडं जपून. मराठीला इथे मान आहे. पेपर मराठी, देवळातली नाटकं-भजनं मराठी, पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं. तरी 1967 चा जनमत कौल लोक विसरलेले नाहीत, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर घराघरांत भांडणं झाली होती. कोकणी ही मराठीची बोली आहे, हे वाक्य घरीच ठेवून या. आणि बसमधल्या पोराने, भाजीवालीने ‘तूं’ म्हटलं तर दुखावू नका, त्यात अपमान नाही. मी पहिल्या वर्षी एका मासेवालीशी यावरून अबोला धरला होता. तोटा माझाच झाला, तिची सुंगटं, म्हणजे कोळंबी, सगळ्यात ताजी असायची.

चवथीचं वेगळं सांगायला हवं. भाद्रपदात तीन-चार दिवस पणजीही ओस पडते. भरलेल्या बिल्डिंगा, चांगल्या जागत्या, सगळ्यांना कुलपं. पहिल्या वर्षी मी घाबरले होते. पण हे लोक पळालेले नसतात, मूळ घरी गेलेले असतात. तिथे गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधायची असते, भावाभावांचा एकच गणपती असतो. वर्षभर बंद असलेली गावातली ती पिंपळ उगवलेली घरं तेवढे दिवस उघडतात, केरवारा होतो. शेजाऱ्याने बोलावलं तर जाच, हात हलवत जाऊ नका, माटोळीला बांधायला एखादं फळ न्या. आणि आधी आठवडाभराचा भाजीपाला भरून ठेवा, कारण त्या दिवसांत तुम्हाला कोणी काही विकणार नाही.

तसंच डिसेंबरच्या तीन तारखेचं. सायबाच्या फेस्ताला, म्हणजे सेंट झेवियरच्या, आणि त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, नोव्हेनाला, जुनं गोवं माणसांनी फुलतं. पहाटे लोक चालत येतात, हिंदूही. खाजं, चणे, फर्निचर, भांडी, सगळं मिळतं. गाडी घेऊन जाऊ नका, पठारावरून पायी उतरा. आणि घर बघायला त्याच आठवड्यात आला असाल तर कृपा करून सौदा करू नका, जूनमध्ये परत या.

आमच्याकडे आता पोदेर वरपर्यंत येतो. चोवीसांतली अकरा घरं लागली आहेत, त्यात दोन सांगलीची, एक सावंतवाडीचं. वॉचमनशी भांडून गेट उघडायला लावलं ते वेगळंच प्रकरण. सकाळी सव्वासहाला येतो, पिशवी दाराला लावून ठेवलीत तरी चालतं. सुट्टे पैसे मात्र ठेवा.