ऑल-इन-वन घेताय? कोकणात या चुका टाळा

गेल्या ऑगस्टमध्ये मालवणहून मावशीचा फोन आला, "अरे, मशीन सुरूच होत नाही. बुकिंगं सगळी त्यात आहेत." दुसऱ्या दिवशी जाऊन टॉर्च मारून मागची बाजू बघितली, तर यूएसबीच्या खाचांत हिरवट बुरा धरलेला. खारा वारा तांब्याला लागला की असंच होतं. सर्व्हिसवाल्याने सांगितलं, आतला मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) गेला, पडदा मात्र ठणठणीत आहे. तो सत्तावीस इंची सुंदर पडदा तिच्या न्याहारी-निवासाच्या खोलीत पुढचे एकोणीस दिवस नुसता काळा बसून राहिला.

ऑल-इन-वन म्हणजे पडदा आणि कॉम्प्युटर एकाच पेटीत. जागा वाचते, वायरींचा गुंता नाही. पण एक बिघडलं की दोन्ही अडकतात, आणि दुकानात तुलना करताना नेमकं हेच कुणी विचारत नाही. सगळे इंच मोजतात.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: याला एचडीएमआय-इन आहे का? बऱ्याच मॉडेलांत फक्त एचडीएमआय-आउट असतं. म्हणजे या मशीनवरचं चित्र दुसऱ्या पडद्यावर जातं, पण बाहेरचं चित्र या पडद्यावर येत नाही. 'इन' असेल तर काही मॉडेलांत बोर्ड गेला तरी लॅपटॉप जोडून काम चालू ठेवता येतं, तेही विचारून घ्या. मावशीच्या मशीनला ते असतं, तर कदाचित गणपतीतली बुकिंगं वहीवर लिहायची वेळ आली नसती.

दुसरी चूक वॉरंटीची. 'ऑनसाइट' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे भरायच्या आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपला पिनकोड सांगा. माणूस घरी येणार, की मशीन कोल्हापूर-पणजीला न्यायचं? उत्तर ईमेलवरच मागवा, तोंडी नको. माझ्या मते दोन हजारांनी महाग पण आपल्या तालुक्यात माणूस येणारं मॉडेल केव्हाही बरं.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. ऑल-इन-वनमध्ये बहुतेक वेळा लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो, आणि इंटेलच्या नुसत्या 'आय-३' नावावरून काही कळत नाही. कोअर आय-३ १२१५यूमध्ये ६ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, आय-३ एन३०५मध्ये ८. तरी दुसरा भारी, असं नाही. त्याचे आठही कोअर कमी वीज खाणारे, छोटे आहेत, पहिल्यात दोन मोठे आहेत. तेव्हा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. रॅम १६ जीबी, निदान ८ तरी हवी, आणि ती नंतर वाढवता येते की बोर्डावरच सोल्डर केलेली आहे तेही विचारा. अॅपलच्या सध्याच्या आयमॅकची तर नंतर वाढतच नाही. हार्ड डिस्कवरच चालणारं मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, एसएसडी (चिपवर साठवणारी, खूप वेगवान डिस्क) हवीच.

गणपतीला चाकरमानी मुंबईच्या ऑफिसातलं जुनं मशीन घेऊन येतो, "फुकटात मिळालं, वापरा" म्हणतो. प्रेमाने आणलेलं असतं, पण प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज १०चा आधार, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. त्याआधीच्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

आता विजेचं. इथे मात्र ऑल-इन-वन जिंकतो. त्याचा अॅडॅप्टर साधारण ६५ ते १२० वॅटचा असतो, त्यामुळे ६०० व्हीएचा छोटा यूपीएससुद्धा फाईल सेव्ह करून नीट बंद करायला भरपूर वेळ देतो. फक्त त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका. त्याचा तापणारा भाग एकदम शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस बसतो. पण तुमच्याकडे लाईट तासन्‌तास जात असेल, तर मी लॅपटॉप आणि वेगळा मॉनिटर घ्यायलाच सांगेन.

जुन्या घरात अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. मशीनच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो इशारा समजा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढाच, आणि सोबत लॅनची (इंटरनेटची) वायरही काढा. ती लोक हमखास विसरतात.

ठेवायची जागाही दुकानात जायच्या आधी ठरवा. चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि हवेची भोकं बहुधा पाठीमागेच असतात, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. समुद्राकडच्या खिडकीसमोर नको. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती कापड पुरे, तेही मशीन बंद असतानाच. जुलै-ऑगस्टमध्ये पाहुणे नसले तरी रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल बसत नाही.

एवढं करूनही सुरू झालं नाही, तर आधी अॅडॅप्टरचा दिवा बघा. तो लागत नसेल तर प्लग दुसऱ्या स्विचबोर्डात लावून बघा. दिवा लागतोय, तर अॅडॅप्टर काढून मशीनचं बटण तीस सेकंद दाबून धरा, पुन्हा जोडा आणि सुरू करा. पाणी शिरल्याची शंका असेल तर मात्र यातलं काही करू नका. प्लग काढा, बटणाला हात लावू नका, आणि मशीन तसंच सर्व्हिसवाल्याकडे द्या.